दोनशे चार : जुळत नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, माझ्याआधी कुणाकुणाला विचारलं होतं? ते जरा गडबडले. मग म्हणाले, एका डॉक्टरांना आणि एका निवृत्त वनाधिकाऱ्यांना विचारलं होतं, दोघांनाही वेळ नाही. माणूस खरं बोलला म्हणून मी हो म्हटलं. कॉलेजच्या खिडकीमागं एकतीस वर्षं बसलेल्या बाईकडं लिहिण्यासारखं काय असणार, असा संशय त्यांना आला असेल, तुम्हालाही येईल. येऊ द्या. संशयाबद्दल माझी तक्रार नाही, माझा सगळा संसार त्याच्यावरच झाला.

मी मेश्राम बाई. चंद्रपुरात जटपुरा गेटपासून पायी जाता येईल अशा एका कॉलेजात पात्रता खिडकीवर होते. दुसऱ्या कॉलेजातून आमच्याकडं येणाऱ्या मुलांचे कागद तपासायचे आणि ती तिकडं जे शिकली ते आमच्याकडं धरायचं की नाही ते सांगायचं, हे माझं काम. सही प्राचार्यांची असायची, पण सही करण्याआधी ते माझ्या तोंडाकडं पाहायचे. मी मान हलवली की पेनाचं टोपण निघायचं.

कागदावर विश्वास ठेवू नये हे मी घरातच शिकले होते. माझे बाबा कोळशाच्या खाणीत होते. भरतीच्या वेळी तिथल्या बाबूनं त्यांचं वय चार वर्षांनी जास्त लिहिलं, आणि हातपाय धडधाकट असताना बाबा चार वर्षं आधी घरी बसले. बाबा शेवटपर्यंत एकच सांगत, "त्या बाबूनं मले पाहून वय लिवलं. विचारलं नाई." मी खिडकीवर बसले त्या दिवशी ठरवलं की आपण असं करायचं नाही. प्रत्येक कागद उलटसुलट पाहायचा, उजेडाकडं धरून पाहायचा. ते मी केलं. विचारायचं मात्र बरेचदा राहून गेलं, ते पुढं येईलच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, विषयाला नाव असलं की झालं. नावावर जाऊ नये. पर्यावरण या नावाखाली एका कॉलेजात वर्षभर शिकवतात, दुसरीकडं चार तासांत उरकतात. म्हणून प्रत्येक विषयाला नंबर असतो. समजा बॉट २०४. बॉट म्हणजे वनस्पतिशास्त्र. दोनशेतला दोन म्हणजे दुसऱ्या वर्षाची पातळी. शेवटचा आकडा म्हणजे यादीतली त्याची जागा, आमच्याकडं सम आकडा असला की दुसरं सत्र. पुढं पी असला तर प्रात्यक्षिक. बाजूला क्रेडिट किती ते लिहिलेलं असतं, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा तास वर्गात बसणं. एवढं वाचलं की मुलगा काय शिकला, कितव्या वर्षी शिकला आणि किती तास शिकला ते कळतं. म्हणजे कळायला हवं. पण आकडे ठरवणारी माणसं कॉलेजागणिक वेगळी असतात आणि प्रत्येकाला आपलीच पद्धत शहाणपणाची वाटते.

आता क्रेडिटची बँक आली आहे. कॉम्प्युटरवर मुलाचं खातं असतं, त्यात त्याचे क्रेडिट सात वर्षं जपून राहतात. मध्येच शिक्षण सुटलं तर परत येऊन पुढून सुरू करता येतं. ही बँक आली तेव्हा ऑफिसात सगळे मला म्हणाले, बाई, आता तुमची खिडकी बंद. बँक क्रेडिट सांभाळते, पण तुमच्या २०४ला आमच्याकडचा कुठला नंबर समजायचं हे ती सांगत नाही. ते जुळवणीच्या वहीत असतं, आणि वही माझ्या कपाटात होती.

संशयानं माझं नाव झालं ते एका गृहस्थामुळं. वय तिशीचं, लांबच्या कुठल्या तरी कॉलेजची बी.एस्सी.ची गुणपत्रिका, रसायनशास्त्र, दोन वर्षं पास. कागद उत्तम, शिक्का उत्तम, इतका उत्तम की माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. नंबर वाचले तर १०१ ते १०६, २०१ ते २०६, सगळे एका ओळीत, आणि पी कुठंच नाही. प्रयोगशाळेत पाय न ठेवता रसायनशास्त्र. मी विचारलं तर म्हणाले, त्यांच्याकडं प्रात्यक्षिक आणि लेखी सगळं मिळून एकच असतं. मी म्हटलं, बरं, निळा लिटमस कागद आम्लात बुडवला तर काय होतं? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "भिजते, मॅडम."

उत्तर चूक होतं असं म्हणता येत नाही. मी कागद घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेले, परत आले तर खिडकीसमोर कुणी नव्हतं. स्वतःचे मूळ कागद टाकून माणूस पसार झाला होता. त्या दिवसापासून मी बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य ऐकवायला लागले, की कागद खोटा निघाला तर पोलिसात देईन. खरा माणूस घाबरणार नाही, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब कच्चा आहे हे मला एका सिरोंच्याच्या मुलीनं दाखवलं होतं, पण मी पाहिलं नाही. ती नदीपलीकडच्या, तेलुगू मुलखातल्या एका कॉलेजात दोन वर्षं शिकून आमच्याकडं तिसऱ्या वर्षाला आली. तिच्या कागदावर ३०१, ३०२, ४०१ असे नंबर. मी म्हटलं, हिचं तिसरं वर्ष झालेलं दिसतं, चौथंही चालू होतं, मग ही परत तिसऱ्याला काऊन येते? नक्की काहीतरी लपवते आहे. ती पोरगी तेलुगू वळणाच्या मराठीत तासभर समजावत राहिली. त्यांच्याकडं पहिला आकडा वर्षाचा नसतो, सत्राचा असतो. ३०१ म्हणजे तिसरं सत्र, म्हणजे दुसरंच वर्ष. मी तिकडं फोन करून खात्री केली आणि तिला घेतलं. मी तिची माफी मागितली नाही, ती बिचारी माझेच आभार मानून गेली.

पुढं आमचं कॉलेज स्वायत्त झालं. स्वायत्त झाल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते म्हणजे सगळ्या विषयांचे नंबर बदलले. काल-परवापर्यंत विद्यापीठातल्या सगळ्या कॉलेजांचा २०४ एकच होता. आता आमचा वेगळा, अहेरीच्या कॉलेजचा वेगळा. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात कॉलेजांना आपापल्या भागाचे काही विषय ठेवायची मुभा मिळाली होती, त्यामुळं नावंही वेगळी झाली. तेव्हा मी जुळवणीची वही सुरू केली. डाव्या बाजूला त्यांचा नंबर, उजव्या बाजूला आमचा, आणि शेवटी शेरा.

त्या वहीचा एक नियम होता आणि तो मी स्वतः केला होता. अभ्यासक्रम डोळ्यांनी पाहिला, विभागप्रमुखांना दाखवला, जुळतो की नाही ते ठरलं, तर शाई. अजून संशय आहे, कागद यायचे आहेत, तर पेन्सिल. पेन्सिलीच्या ओळीवरून कुणालाही परत पाठवायचं नाही, थांबायला सांगायचं. वही कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. शेजारच्या टेबलावर पिंपळकर होते, पन्नाशीचे, आधी ग्रंथालयात काम केलेले, शांत माणूस. त्यांनी एकदा वही पाहायला मागितली तर मी पान उघडून समोर धरलं, हातात दिली नाही. ग्रंथालयातला माणूस पुस्तक घेऊन जातो आणि विसरतो, असं मला वाटे. कशावरून वाटे ते विचारू नका.

मग एका जूनमध्ये रीना मंडल आली. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली निर्वासितांच्या गावातली, पंचविशीची, कडेवरचं मूल नुकतंच खाली ठेवून आल्यासारखी सारखी हात मोकळे करत होती. अहेरीच्या कॉलेजात दोन वर्षं झाली, मग लग्न, मग मुलगी, तीन वर्षं गेली. आता बँकेत जपलेल्या क्रेडिटवर तिला आमच्याकडं तिसरं वर्ष करायचं होतं. कागद नीट होते. एकच नंबर अडला. अहेरीचा बॉट २०४, विषय वनउपज : ओळख, साठवण आणि उपयोग, चार क्रेडिट. मी वही काढली. समोर काळ्या शाईत लिहिलं होतं, जुळत नाही.

दुसऱ्या वर्षाचा मुख्य विषय कमी पडला तर आमच्याकडं तिसऱ्याचं दार बंद. मी तिला सांगितलं, दुसऱ्या वर्षाला बसा, एक विषय करा, पुढच्या वर्षी या. ती खिडकीपासून हलली नाही.

"मॅडम, मले एकच वर्ष भेटलं आहे," ती म्हणाली. "सासू म्हणते, एक वर्ष पोरीले पाहतो, मंग नाई. दोन वर्षं म्हटलं तर माझं झालंच समजा."

मी म्हटलं, सासूचं मी काय करू, वहीत शाईनं लिहिलं आहे. ती गेली. तिसऱ्या दिवशी परत आली ती अहेरीहून अभ्यासक्रमाची पानं घेऊन, कॉलेजचा शिक्का मारून. मुलीला सासूकडं टाकून, दोन बस बदलून गेली आणि आली होती. मी पानं वाचली. मोहफुलातला ओलावा, साठवणीतली कीड, तेंदूच्या पानाची प्रतवारी, चारोळीचं बी फोडणं, पळसावरची लाख. आणि त्याच्या सोबतीनं वनस्पतींची कुळं, शास्त्रीय नावं, सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइड, सगळं. आमच्या २०८शी, म्हणजे आर्थिक वनस्पतिशास्त्राशी, ते जवळजवळ ओळीला ओळ जुळत होतं.

तुम्हाला वाटेल मी खूश झाले. मला उलट वाटलं, इतकं जुळतं म्हणजे आमचा अभ्यासक्रम पुढं ठेवून कुणीतरी हे कालच बनवलं आहे. शिक्काही फार ठळक होता. मी तिला बाकावर बसवलं आणि अहेरीला फोन लावला. तिथल्या ऑफिसात आत्राम भाऊ होते, माझ्याहून मोठे, बोलण्यात सावकाश. मी म्हटलं, तुमच्या २०४चा अभ्यासक्रम घेऊन एक बाई आली आहे, खरा आहे का?

"बाई, हाच अभ्यासक्रम मी तुमाले कवाचाच पाठोला," ते म्हणाले. "पोस्टानं. पोचपावती आहे मापाशी."

मी म्हटलं, पाठवला असेल, आमच्याकडं आला नाही. ते म्हणाले, पावतीवर तुमची सही आहे. मी म्हटलं, माझ्या नावानं कुणीही सही करेल. ते फोनवरच हसले आणि मोबाइलवर पावतीचा फोटो पाठवला. सही माझी होती. सहीखाली मी दोन टिंबं देते, कुणाला नक्कल करता येऊ नये म्हणून. दोन्ही टिंबं जागच्या जागी होती.

मग मी लिफाफा शोधायला निघाले. आधी शिपायाला फैलावर घेतलं. तो म्हणाला, मी तर तुमच्या हातात देतो, बाई. मग पिंपळकरांकडं वळले. त्यांच्या टेबलावर कागदांचे ढीग असायचे, म्हणून मी जरा आवाज चढवूनच विचारलं, की अहेरीचा लिफाफा तुमच्यात मिसळला का? त्यांनी दोन ढीग उचलून दाखवले. मग मी कपाट उघडलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात, तपासणी समितीच्या फायलींच्या खाली, लिफाफा होता. उघडलेला, आतल्या पानांना टाचणी लावलेली. मी तो हातात धरून म्हटलं, हा इथं कुणी टाकला?

पिंपळकरांनी चष्मा काढला. "बाई, त्या कपाटाची किल्ली तुमच्याशिवाय कोणापाशी आहे?" ते म्हणाले.

मी वही घेऊन खिडकीच्या उजेडात गेले. बाहेर रीना बाकावर बसलेली, तिनं मान वर करून पाहिलं. पान तिरपं धरलं तसं शाईच्या खाली पेन्सिलीचे जुने चरे दिसले. जुळत नाही, पुढं प्रश्नचिन्ह. त्याच्या खाली बारीक अक्षरात, अभ्यासक्रम मागवला आहे. आणि त्याच्याही खाली, माझ्याच अक्षरात, मोह-तेंदू हे कॉलेजात कशाला?

मग आठवलं. तपासणी समिती यायची होती त्याच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी सगळ्यांना बजावलं होतं की समितीसमोर पेन्सिलीनं लिहिलेलं काही दिसता कामा नये, ते अर्धवट काम वाटतं. मी वही दुसऱ्या कुणाला कशी देणार? दुपारभर बसून मी स्वतःच सगळ्या पेन्सिलीच्या ओळींवर शाई फिरवली. प्रश्नचिन्हं वाईट दिसत होती म्हणून खोडरबरानं काढली. बारीक शेऱ्यांना जागा नव्हती म्हणून तेही काढले. अहेरीचा लिफाफा त्याच गडबडीत आला असणार. टेबल स्वच्छ दिसावं म्हणून मी सही करून, उघडून, न वाचता कपाटात सारला. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका प्राध्यापकांनी माझी वही हातात घेऊन सगळ्यांना दाखवली होती, इतकी नेटकी वही त्यांनी कुठं पाहिली नव्हती म्हणे. मी ते घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं होतं.

मला त्या खिडकीजवळ उभ्या उभ्या लाज वाटली. नुसती चूक झाली असती तर चाललं असतं. वनउपज म्हणजे काय आणि ते कॉलेजात का शिकवतात, हे मी अहेरीला एकदाही विचारलं नव्हतं. विषयाचं नाव पाहिलं आणि लिहून टाकलं.

पानं घेऊन मी वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांकडं गेले. त्यांनी दहा मिनिटांत वाचून सही केली, वर म्हणाले, आपल्यापेक्षा चांगला आहे हा. रीनाचा प्रवेश त्याच दिवशी झाला. मला वाटलं होतं ती खूश होईल. ती म्हणाली, "परवाच सांगितलं असतं तर पोरगी दोन दिवस रडली नसती." तिचं खरं होतं. ती एका वर्षात पास झाली. प्राचार्यांना मी सांगितलं की अहेरीचे नवीन कागद मिळाले आहेत, म्हणून नोंद बदलली. नवीन. हा शब्द वापरताना मला काही वाटलं नाही, नंतर फार वाटलं.

कारण त्या दिवशी घरी जाण्याआधी मी जावक नोंदवही काढली. शाईच्या त्या ओळीवरून आणखी कुणाला परत पाठवलं का, ते पाहायला. एक नाव सापडलं. विलास कोडापे, अहेरी, रीनाच्या आदल्या वर्षी.

तो मला लगेच आठवला. उंच, किडकिडीत, छातीशी प्लॅस्टिकची फाइल धरून उभा होता. मी वहीतली ओळ त्याला बोटानं दाखवली होती. तो म्हणाला होता, हे आमच्या इथी शिकवलं आहे, मी परीक्षा दिली आहे. मी म्हटलं, शिकवलं असतं तर जुळलं असतं, आणि माझं नेहमीचं पोलिसाचं वाक्य ऐकवलं. तो वळला आणि निघून गेला. मी तेव्हा पिंपळकरांना म्हणाले होते, पाहा, खोटा माणूस असाच निघून जातो.

मी त्याला पत्र लिहिलं. कॉलेजच्या कागदावर, शिक्का मारून, की आपला बॉट २०४ हा विषय आमच्या २०८शी जुळतो, आपले चार क्रेडिट धरले जातील, प्रवेशासाठी यावे. अर्जावरच्या पत्त्यावर पाठवलं. उत्तर आलं नाही, पत्रही परत आलं नाही. मी स्वतःची समजूत घातली की त्याला दुसरीकडं प्रवेश मिळाला असेल. सगळ्या गोष्टींवर संशय घेणारी मी, या एका गोष्टीवर मात्र घेतला नाही, कारण ती सोयीची होती. मग मी निवृत्त झाले.

यंदा उन्हाळ्यात नात्यातल्या लग्नाला अहेरीला गेले होते. आत्राम भाऊंना भेटले, त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, कोडापे ना, त्याचं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. बाजाराचा दिवस होता. दुकानासमोर जातीच्या दाखल्याच्या, सातबाराच्या, आधारच्या नकला काढायला लोक उभे. मी रांगेत थांबले. माझा नंबर आला तेव्हा त्यानं हात पुढं केला, कागदासाठी, आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. त्याचा हात तसाच राहिला.

त्यानं मागची सगळी गिऱ्हाइकं आधी उरकली. मग मला आत स्टुलावर बसवलं आणि टेबलाच्या खणातून, तळाच्या रद्दीखालून, एक लिफाफा काढला. आमच्या कॉलेजचा. दोन वर्षं होत आलेली आणि तो उघडलेला नव्हता.

मी विचारलं, हा उघडला का नाही?

"पोलिसाचं असंन म्हणून," तो म्हणाला.

मी म्हटलं, मग फाडून टाकायचा होता. तो म्हणाला, त्यावर कॉलेजचा शिक्का आहे, फाडला तर आणखी गुन्हा लागंन असं वाटलं. तेव्हापासून त्यानं ती गुणपत्रिका कुठंच दाखवली नव्हती. जंगल खात्याची भरती निघाली तेव्हा बारावीच्या कागदावर अर्ज भरला. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढतो, पण स्वतःच्या त्या कागदाची एकदाही काढली नाही.

"पण तुम्ही परीक्षा दिली होती ना?" मी म्हटलं. "तुम्हाला तर माहीत होतं."

"पक्कं माहीत होतं, बाई. पेपर लिवला. मोहाच्या फुलाची स्लाइड केली, सरनं चांगली म्हटली." तो मशीनच्या झाकणावरून हात फिरवत होता. "पण तुमी वहीत दाखोलं नं. शाईनं लिवलं होतं. मंग मले वाटाले लागलं, वही काऊन खोटं बोलंन? मीच काहीतरी खोटं करून राह्यलो असंन, मलेच समजून नाई राह्यलं."

मी त्याला सगळं सांगितलं. पेन्सिल, समिती, खोडरबर, कपाट, किल्ली. ती ओळ मीच शाईनं केली आणि प्रश्नचिन्ह मीच काढलं, हेही. तो ऐकत होता. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं लिफाफा माझ्याकडं सरकवला आणि म्हणाला, तुम्हीच खोला. मी उघडला, पत्र वाचून दाखवलं. त्यानं नंबराची ओळ परत वाचायला लावली. मग पत्र घेऊन मशीनवर ठेवलं आणि त्याच्या दोन नकला काढल्या.

मी म्हटलं, सात वर्षं अजून व्हायची आहेत, क्रेडिट जिवंत आहेत, सोमवारी चंद्रपूरला या, मी बसस्टँडवर थांबते. तो हो म्हणाला, पण मला खरं वाटलं नाही. सोमवारी मी तासभर आधी जाऊन उभी राहिले आणि अहेरीच्या बसमधून उतरणारा माणूस न् माणूस पाहिला. तो सगळ्यात शेवटी उतरला, तीच फाइल छातीशी धरून.

आमच्या खिडकीवर आता पिंपळकर बसतात. एकतीस वर्षांत मी त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला पहिल्यांदा उभी राहिले. ती बाहेरून फार उंच आहे, आतल्या माणसाकडं मान वर करूनच पाहावं लागतं. पिंपळकरांनी मला नमस्कार केला, पण कागद माझ्या शब्दावर घेतला नाही. गुणपत्रिका उलटसुलट पाहिली, उजेडाकडं धरली, सगळं मी शिकवलं तसं. कोडापे एक पाऊल मागं सरकला. मी त्याच्या मागंच उभी होते, म्हणून त्याला आणखी सरकता आलं नाही.

पिंपळकरांनी वही काढली. बोट फिरवत २०४वर आले. तिथं जुनी ओळ मी एका रेघेनं खोडलेली होती, वाचता येईल अशी, आणि पुढं शाईनं लिहिलेलं होतं, जुळतो, २०८. त्यांनी अर्जावर शिक्का मारला. आवाजानं कोडापे दचकला. मग पिंपळकरांनी गुणपत्रिका खिडकीच्या फळीवर ठेवून बाहेर सरकवली आणि म्हणाले, झालं, फी भरून या.

कागद फळीवर होता. कोडापेनं त्याच्याकडं पाहिलं, मग वळून माझ्याकडं.

"बाई," तो म्हणाला, "घेऊ का?"